औषधांच्या खोलीतला फोटो

३ तारीख, सोमवार

तोंड माझ्या बहिणीचं, हात माझ्या बहिणीचे, अंगातला एप्रन तिने स्वतः टाके घालून आवळलेला, मेली तीच, आणि फोटो म्हणे कंपनीचा! मी साहेबांना म्हटलं, उद्या माझी सावली तुमच्या भिंतीवर पडली तर तीही तुमचीच का? ते हसले. मी हसवायला बोलले नव्हते.

फोटो काही कुलुपात नाही. कंपनीच्या गुळगुळीत पुस्तकात पान सहावर छापलाय. वर लिहिलंय, ‘आमची माणसं, आमची ताकद’. धाकटी जाऊन दोन महिने झाल्यावर ते पुस्तक छापून आलं आणि सगळ्यांना एकेक वाटलं. मलाही दिलं. कुणाला वाटलं नाही की हिला देऊ नये. फोटोखाली बारीक अक्षरात फोटो काढणाऱ्याचं नाव आहे. धाकटीचं नाही.

साहेब म्हणाले, “फोटोग्राफर आम्ही नेमला होता, हक्क आमचे. तुम्हाला वापरायचा तर वर विचारावं लागेल.”

वर म्हणजे कुठे? आमच्या लाँड्रीवर पत्राच आहे.

मला तो फोटो कशाला हवा ते लिहून ठेवते. वाचनालयात मोठ्या माणसांचा लिहिण्यावाचण्याचा वर्ग भरतो, तिथे मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. तिसरीत शाळा सुटली होती ती आता पुढे ओढतेय. ही वहीही तिथल्या बाईंनीच लिहायला लावली, म्हणाल्या रोज चार ओळी लिहा, हात वळेल. आता त्यांनी प्रत्येकाला तीन मिनिटांची गोष्ट करायला सांगितली आहे, टॅबवर, चित्रं लावून आणि आपला आवाज भरून. कुणी नातवाची करतंय, कुणी कुत्र्याची. मी धाकटीची करतेय. ती कशी मेली आणि दुसरी कुणी तशी मरू नये म्हणून काय करायचं.

एक तारखेला पाच नव्या मुली आत जाणार आहेत. पाचवी धाकटीची मुलगी. कंपनीने तिला आईच्या जागी घेतलं. उपकार केल्यासारखं तोंड करून घेतलं. ती आत जायच्या आधी माझी गोष्ट त्या पाचजणींना दाखवायची आहे. कंपनीची स्वतःची फिल्म आहे चाळीस मिनिटांची. पडद्यावर अक्षरंच अक्षरं, एक माणूस तीच अक्षरं वाचून दाखवतो आणि मागे लग्नात वाजवतात तसलं काहीतरी वाजतं. मी तीनदा पाहिली. तिन्ही वेळा धाकटी माझ्या खांद्यावर झोपली.

४ तारीख, मंगळवार

आज वर्गात माझी अब्रू गेली. नेटवरून सहा चित्रं घेतली होती. डबा, नाक दाबलेला माणूस, दवाखाना, असली. दोन चित्रांवर आडवी फिकट अक्षरं उमटलेली. मला वाटलं नक्षी आहे.

बाई म्हणाल्या, “काकू, हे चित्र कुणाचं?”

“नेटवरचं.”

“नेट हे काही माणसाचं नाव नाही.”

सगळे हसले. मी म्हटलं, कुणाचं असेल तर त्याने उघड्यावर कशाला ठेवलं? तेव्हा आमच्या वर्गातले म्हातारे वॉचमन म्हणाले, “बाई गं, मी तीस वर्षं गेटवर काढली. फाटक उघडं होतं म्हणून आत आलो, असं म्हणणारे लई नग पाहिलेत.”

मी टॅब बाईंच्या हातात दिला.

बाईंनी मग दाखवलं. काही लोक आपली चित्रं स्वतःहून सोडतात, खुशाल वापरा पण नाव लिहा म्हणतात. तसला एक डबा मिळाला. शेवटी त्या माणसाचं नाव लिहायचं. बाकीच्या चित्रांसाठी विचारायचं, आणि नाही म्हणाले तर सोडून द्यायचं. मी विचारलं, आणि बहिणीच्या फोटोचं? बाईंनी टॅब खाली ठेवला. मग म्हणाल्या, “ज्याचा फोटो असतो त्याचा नसतो तो काकू, काढणाऱ्याचा असतो. त्याने लिहून दिला असेल तर कंपनीचा. मलाही ते आवडत नाही. वर्गात सरावाला लावा, पण बाहेर दाखवायचा तर त्यांचं हो लागेल, लेखी.”

घरचे फोटो आहेत की माझ्याकडे. पण लाँड्रीतला हा एकच. आम्हाला आत फोन नेता येत नाही, दाराशीच ठेवून घेतात. हिरव्या एप्रनातली, औषधांच्या खोलीत उभी असलेली धाकटी फक्त पान सहावर आहे.

औषधांची खोली असं आम्ही म्हणतो. त्यात औषध कसलं आलंय, विष आहे. एक ब्लीच आणि दुसरं आम्ही ज्याला आंबट म्हणतो ते. शेवटच्या पाण्यात घालतात, चादरीला वास राहत नाही. दोन्ही निळ्या डब्यांत येतात. सारखेच डबे. लेबलावरची अक्षरं मुंगीएवढी.

७ तारीख, शुक्रवार

बाई पोरगेल्या आहेत पण हट्टी माझ्यापेक्षा. मी जे बोलते ते सगळं मी पडद्यावर लिहूनही ठेवलं होतं. चार दिवस लागले लिहायला. म्हणाल्या, पुसा.

“का पुसू? अक्षर वाईट आहे?”

“छान आहे. पण बघणाऱ्याने वाचायचं की ऐकायचं? डोळे अक्षरात अडकले तर चित्र कोण बघणार? डोळ्याला चित्र द्या, कानाला तुमचा आवाज द्या. तेच दोनदा देऊ नका.”

हे मला पटलं, पण मी तोंडाने म्हटलं नाही. जेवायला बसल्यावर एका बाजूने सासू आणि एका बाजूने नवरा बोलायला लागले की मी फक्त मिठाकडे बघायचे. दोघेही गेले, पण सवय आहे अजून.

दुसरं म्हणाल्या, ज्याने काही शिकायला मिळत नाही ते कापा. चित्र असो, वाक्य असो, संगीत असो. आणि जे बघायलाच हवं तिथे बाण काढा. तिसरं, सर्वांना कळवण्यात येते की, असं बोलू नका. एका मुलीशी बोलताय असं बोला.

मी बासरी लावली होती मागे. म्हणाल्या, ही कशाला?

“रडू यावं म्हणून.”

“रडू यावं की कळावं?”

“दोन्ही.”

“बरं, ठेवा. मंगळवारी सगळ्यांना दाखवू, मग बघू.”

वर्गाचा टॅब घरी न्यायला देतात, घरी येऊन पान सहाचा फोटो त्यावर घेतला आणि सरावासाठी कापला. मागची खोली, डबे, ते ठेवायचा लाकडी घोडा, भिंत सगळं काढून टाकलं. नुसता चेहरा ठेवला. कापा म्हणाल्या ना. चेहरा छान मोठा आला.

९ तारीख, रविवार

भाची दिवसभर शिवण घेऊन बसली होती. धाकटीचा दुसरा एप्रन कंपनीने धुऊन घरी पाठवला होता, तोच हिला द्यायचा ठरलंय, नवा मिळत नाही. धाकटीने घातलेले टाके उसवत होती. हिला सैलच लागतो, ही आईपेक्षा अंगाने भरलेली. मी म्हटलं, आण मी उसवते, तुला डोळे फोडायला कशाला हवं? नाही म्हणाली. उसवलेला दोरा फेकत नव्हती, बोटाला गुंडाळत होती. तिला असल्या वाईट सवयी आहेत.

११ तारीख, मंगळवार

गोष्ट दाखवली. पहिल्याच मिनिटाला केसवाली रडायला लागली. ती केस कापायचं दुकान चालवते, तिला टीव्हीवरच्या जाहिरातीलाही रडू येतं. पण मग वॉचमनही रडले. मी म्हटलं, जमलं. बाईंनी दिवा लावला आणि चार प्रश्न विचारले. ब्लीचचा डबा कसा ओळखायचा? कशात काय मिसळायचं नाही? वास आला तर पहिलं काय करायचं? दार कसं उघडायचं?

कुणालाही एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही. नऊ माणसं.

वॉचमन रुमालाने डोळे पुसत म्हणाले, “रडू आलं हो. पण डबा कुठला उचलायचा ते काही कळलं नाही.”

मला इतका राग आला. मी म्हटलं, माझी बहीण मेली आणि तुम्ही परीक्षा घेता? बाई म्हणाल्या, “काकू, त्या पाच मुली परीक्षाच द्यायला जाणार आहेत ना?”

मग त्यांनी पुस्तकातलं पान शेजारी ठेवलं आणि विचारलं, यातलं काय काय कापलंत? मी म्हटलं, बिनकामाचं. तुम्हीच सांगितलं होतं. त्यांनी टॅबवर न कापलेला फोटो दोन बोटांनी मोठा केला. धाकटीच्या कोपरामागे घोड्यावर दोन डबे. त्यांच्या कानांना बांधलेल्या चिंध्या.

“या कसल्या?”

मी म्हटलं, कसल्या नाहीत. वेळ झाली, दिवा घालवा. बाहेरच्या नळावर तोंड धुतलं आणि घरी आले. उकडत होतं आज.

१३ तारीख, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली. माझ्या नोकरीत पहिल्यांदा त्या खोलीत बसले. पान सहा समोर उघडं होतं. चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून बघत होते.

“तुम्हाला पूर्ण फोटोच हवा आहे का?”

मी म्हटलं, चेहराच लावलाय मी.

तर एकदम मोकळे झाले. चेहऱ्यापुरती परवानगी द्यायला काही हरकत नाही म्हणाले, कंपनीला तुमच्या भावना कळतात. पाणी मागवलं. आणि म्हणाले, “किती वर्षं उभ्याने काम करणार? घड्यांच्या टेबलावर बसून करायची जागा आहे. एक तारखेपासून या.” मी पंधरा वर्षं मागत होते ती जागा. माणूस दिसतो तितका वाईट नाही. धाकटीच्या जाण्याचं त्यालाही आत कुठेतरी लागलं असेल.

एक कागद दिलाय, सही करून आणायचा. दोन्ही बाजूंनी छापलेला.

१४ तारीख, शुक्रवार

वर्गाला गेले नाही. पाय दुखत होता. कागद मला वाचवेना, अक्षर फार बारीक, म्हणून भाचीला म्हटलं वाच.

ती वाचत होती. छायाचित्रातील केवळ चेहऱ्याचा भाग, इतर कोणताही भाग नाही. अमुक. तमुक. सदर अपघात हा कंपनीच्या अहवालात नमूद केल्याप्रमाणे कामगाराच्या निष्काळजीपणामुळे घडला असून, सदर गोष्टीत याहून वेगळे काहीही सांगितले जाणार नाही.

तिथे ती थांबली. पुन्हा तीच ओळ वाचली, मनात. मग कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “मावशी, निष्काळजी म्हणजे कोण?”

“जो काळजी घेत नाही तो.”

“ते माहीत आहे.”

मग विचारलंस कशाला? मी चिडले. ती आत गेली. हल्ली तिचं हे असंच. प्रश्न विचारते आणि उत्तर आलं की निघून जाते.

कागद शिवणाच्या डब्याखाली ठेवलाय.

१६ तारीख, रविवार

पोर बाजारात गेली आहे. दुपार आहे. आता लिहिते, नंतर लिहवणार नाही.

चिंध्या माझ्या. कल्पनाही माझी. डबे सारखे, लेबल वाचता येत नाही, म्हणून मीच काढली ही युक्ती. दवाखान्याच्या ऑपरेशनवाल्या फाटक्या कापडाची हिरवी चिंधी ब्लीचला. घोंगडीच्या काठाची तांबडी आंबटला. स्टोअरवाला सांगायचा यात हे, त्यात ते, मी बांधायचे. सगळ्या बायका हिरवी आण, तांबडी आण असंच म्हणायच्या. साहेबांनी पाहिलं होतं. म्हणाले, बरं डोकं चालतं तुमचं. पण डबे वेगळ्या रंगाचे मागवावेत असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण माझ्या चिंधीवर फुकटात भागत होतं.

ब्लीच उडतं आणि कापड विटतं. म्हणून मी महिन्याच्या महिन्याला चिंध्या बदलायचे.

फोटोवाला यायचा त्या दिवशी सकाळी धाकटी म्हणाली, “ताई, चिंध्या बघ, दोन्ही सारख्याच दिसायला लागल्यात. बदल ना. फोटोतही घाण दिसतील.”

मी म्हटलं, उद्या.

पायाला सूज होती असं लिहिणार होते. पायाला सूज रोजच असते. कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नव्हतं.

ती दोनदा तरी पुन्हा म्हणाली असेल. मी म्हटलं, जागा ठरलेली आहे ना, हिरवी डावीकडे, तांबडी उजवीकडे, आंधळ्यालाही कळेल. असे एकवीस दिवस गेले. मग नवे डबे आले. मी त्याच जुन्या चिंध्या रिकाम्या डब्यांच्या सोडल्या आणि नव्यांना बांधल्या. ज्याच्या त्याला बांधल्या, त्यात चूक नाही, देवाशपथ. पण गाडीवाल्याने नंतर ते डबे खोलीत नेऊन घोड्यावर ठेवताना डावे उजवे केले.

ती ब्लीचची टाकी भरायला गेली आणि डावीकडचा डबा उचलून ओतला. खोलीला खिडकी नाही. दार आपोआप लागतं आणि आतून ओढून उघडावं लागतं. तिसऱ्या दिवशी गेली.

ज्या दवाखान्यात गेली तिथलेच कपडे आमच्याकडे धुवायला येतात. तिच्या पलंगाची चादरही आलीच असेल. कुठली ते कसं कळणार. त्या आठवड्यात मी सगळ्याच चादरींच्या घड्या कोपऱ्याला कोपरा लावून घातल्या.

फोटोत दोन्ही चिंध्या पांढऱ्या दिसतात. म्हणून मी फोटो कापला. बिनकामाचं म्हणून नाही.

वॉचमन फाटकाचं बोलले ते मला लागलं होतं ते यामुळेच. चोर मी होते.

१८ तारीख, मंगळवार

भाची काल जेवली नाही, आजही नाही. बाहेर काही खाऊन येत असेल. आजकालच्या मुलींना घरचं गोड लागत नाही. डोळे सुजलेत, बहुतेक थंड पाण्याने डोकं धुतलं असेल.

वही मी पलंगाच्या गादीखाली ठेवते. आज गादीवर सापडली. मीच विसरले असेन. वय होतंय.

वर्गात गेले, पण काही केलं नाही. बाईंनी विचारलंही नाही. नुसता टॅब समोर ठेवला आणि दुसऱ्यांकडे गेल्या. त्यांचा मला रागच येतो अशा वेळी.

२० तारीख, गुरुवार

कामावरून आले तर भाची दारातच उभी. चप्पलही काढू दिली नाही.

“मावशी, हिरवी चिंधी कुठल्या डब्याची होती?”

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं चिंध्यांचं?

“कुठल्या डब्याची होती ते सांग.”

“ब्लीचच्या.”

“आणि विटल्यावर कुठल्या डब्याची?”

मी खाली बसले. लाँड्रीतल्या बायकांची तोंडं सैल असतात, त्यांच्यातलीच कुणी बोलली असणार. पण उद्या म्हटल्याचं तर बायकांना माहीत नाही. ते धाकटीला आणि मलाच माहीत होतं. तिला कुणी सांगितलं हे मी पुन्हा विचारलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तिच्या आईचीच बहीण, मला ओरडणं समजतं. ती हळू बोलत होती.

“आईने शेवटी तीन दिवस बोलायचा प्रयत्न केला. आपल्याला कळत नव्हतं. तू म्हणायचीस पाणी मागतेय. ती पाणी मागत नव्हती मावशी. ती बोटं अशी करायची.” आणि तिने गाठ बांधल्यासारखी बोटं केली.

मी म्हटलं, मला माफ कर.

“ते नंतर बघू. आधी फोटो पूर्ण लाव.”

“पूर्ण लावला तर सगळ्यांना कळेल.”

“मग? मी एक तारखेपासून त्याच खोलीत जाणार आहे.”

मी म्हटलं, नको जाऊस. म्हणाली, मी नाही गेले तर दुसरी कुणीतरी जाईल. हे आईच्याच वळणाचं बोलणं. मग तिने ताट घेतलं आणि समोर बसून जेवली. माझ्याशी बोलली नाही, पण जेवली.

२१ तारीख, शुक्रवार

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली नाही, हात धरला नाही. बरं झालं. म्हणाल्या, “मग बाण कुठे लावायचा ते तुम्हाला माहीत आहे.”

बसले आणि गोष्ट मोडली. बासरी काढली. अक्षरं काढली. दवाखाना काढला. दोन डबे, एक टाकी, एक दार, एवढंच ठेवलं. आवाज पुन्हा भरला. सोबत आलेल्या भाचीला समोर बसवलं आणि तिच्याशीच बोलले. ‘तू आत गेलीस की आधी दाराला पाचर लाव. मग डब्याचं झाकण न उघडता स्टोअरवाल्याला विचार, यात काय आहे. तो म्हणाला माहीत नाही, तर तू ओतू नकोस. नाकाला झोंबलं तर डबा ठेवायलाही थांबू नकोस, सोड आणि पळ.’

‘ही चिंधी मी बांधली होती’ हे वाक्य सात वेळा भरावं लागलं. सहा वेळा आवाज बसला. सातव्यांदाही बसलाच होता. बाई म्हणाल्या, राहू दे तसाच.

२५ तारीख, मंगळवार

पुन्हा दाखवली, त्याच नऊ माणसांना. बाईंनी तेच चार प्रश्न विचारले. नऊच्या नऊ जणांनी उत्तरं दिली. केसवाली रडली नाही. वॉचमन म्हणाले, “आज हात आपोआप मागे आला.” बोलून झाल्यावर माझ्याकडे मात्र कुणी नीट बघितलं नाही. चहाला सगळे एका बाजूला, मी एका बाजूला. बाई आल्या माझ्याजवळ. वॉचमनही आले, पण उशिरा.

फोटो वर्गात चालला. लाँड्रीत दाखवायचा तर परवानगी लागेलच. बाई म्हणाल्या, शिकवण्यासाठी म्हणून कायद्यात थोडी सूट असते, पण इथे लागू होईल की नाही ते मला खात्रीने सांगता येत नाही. लेखी मागा. तारीख घालून मागा.

वर्गाला जायच्या आधी, मधल्या सुट्टीत साहेबांकडे गेले होते आणि कागद परत दिला, बिनसहीचा. म्हटलं, मला चेहरा नको, पूर्ण फोटो हवा. डब्यांसकट. त्यांनी दार लावून घेतलं.

“तुम्हाला कळतंय का, यात तुमचंच नाव येईल?”

“कळतंय.”

“मग हा हट्ट कशासाठी? बहीण काही परत येणार नाही.”

“पण भाची सोमवारी आत जाणार आहे.”

त्यांनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाले, घड्यांच्या टेबलाची जागा भरली गेली आहे. म्हणजे ती जागा माझ्या सुजलेल्या पायासाठी नव्हती. एवढं कळायला मला बारा दिवस लागले.

२७ तारीख, गुरुवार

अर्ज लिहिला. भाची म्हणाली मी लिहून देते, मी म्हटलं नको, माझ्या हातचाच जाऊ दे. एक प्रत साहेबांना दिली. त्यांच्याकडून पोच घेतली. इथे उतरवून ठेवते.

‘साहेबांना,

पान सहावरचा फोटो मला पूर्ण हवा आहे, न कापता. तो तुमचा आहे हे मला आता समजलं आहे, म्हणून विचारते आहे, नाहीतर कधीच लावला असता. तो मी एकाच ठिकाणी दाखवीन, सोमवारी सकाळी, नव्या पाच मुलींना, त्या औषधांच्या खोलीत जायच्या आधी. तीन मिनिटं लागतात. खाली काढणाऱ्याचं नाव लिहीन, तुमच्या कंपनीचंही लिहीन. फोटोवर मी फक्त एक बाण काढला आहे. तो दोन चिंध्यांवर आहे.

तुमच्या अहवालात बहिणीला निष्काळजी म्हटलं आहे. चिंध्या विटल्या आहेत हे तिने मला सांगितलं होतं आणि मी बदलल्या नाहीत. हे माझं. डबे एकाच रंगाचे होते, खोलीला खिडकी नव्हती आणि चिंध्यांवर कारभार चाललाय हे तुम्ही पाहिलं होतं. हे तुमचं. यातून तिच्या वाट्याचं काय उरतं ते तुम्हीच काढून दाखवा.

मला काढून टाकायचं असेल तर टाका. तो वेगळा कागद करा, यात मिसळू नका.

तुम्ही नाही म्हणालात तर मी फोटो लावणार नाही. चोरी करणार नाही. त्या जागी वीस सेकंद काळी चौकट ठेवीन आणि माझ्या आवाजात सांगीन, की इथे एक फोटो होता, त्यात डबे दिसत होते, तो कंपनीने दिला नाही. लाँड्रीत दाखवू दिलं नाहीत तर फाटकाबाहेर उभी राहून दाखवीन. काळी चौकट माझी आहे आणि आवाजही माझा आहे, बाईंना विचारून घेतलंय.

वर विचारतो असं आता सांगू नका. वर विचारून पंचवीस दिवस झाले. हो किंवा नाही, एक शब्द, तुमच्या सहीने, शनिवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात द्या.’